हुकूमशाहीतली शाळा नेमकी चालते कशी? पूर्व जर्मनीच्या चाळीस वर्षांवरून समजून घेऊया

अँगेला मर्केल सोळा वर्षं जर्मनीच्या चॅन्सेलर होत्या, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांच्या आयुष्यातली पहिली पस्तीस वर्षं मात्र जवळजवळ सगळी हुकूमशाहीत गेली, हे पटकन लक्षात येत नाही. टेम्पलिन नावाच्या छोट्या गावातली सरकारी शाळा, रशियन भाषेच्या स्पर्धेत बक्षीस, १९७३ मध्ये लाइपझिश विद्यापीठात भौतिकशास्त्राला प्रवेश, पुढे डॉक्टरेट. २०२४ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं आणि या शाळकरी वर्षांकडे पुन्हा लक्ष गेलं. तेव्हा एक साधा प्रश्न पडतो. शाळा सरकारच्या मुठीत होती, तर तिथून अशी माणसं घडली कशी? आणि शाळा चांगली होती, तर तिथेच शिकलेली तरुण पिढी १९८९ मध्ये संधी मिळताच देश सोडून का पळाली?

आपल्याकडे शिक्षण आणि हुकूमशाही हे दोन शब्द एकत्र आले की चर्चा थेट पाठ्यपुस्तकावर जाते. कुठला धडा गाळला, कुणाचा फोटो घातला, कुठला राजा वगळला. ते महत्त्वाचं आहेच. पण पूर्व जर्मनीचा अनुभव बारकाईने पाहिला तर पुस्तक हे तिथलं दुय्यम हत्यार होतं, असं माझं मत झालं आहे. मुख्य हत्यार होतं प्रवेश: दहावीनंतर कुणाला पुढे शिकू द्यायचं आणि कुणाला नाही.

## आधी थोडं पायाभूत

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे तुकडे झाले. सोव्हिएत फौजांच्या ताब्यातल्या पूर्व भागात ऑक्टोबर १९४९ मध्ये वेगळा देश उभा राहिला. नावात ‘लोकशाही’ होती, प्रत्यक्षात सत्ता एकाच पक्षाची. निवडणुका व्हायच्या, पण उमेदवारांची यादी आधीच ठरलेली. वर्तमानपत्रं, न्यायालयं, कारखाने आणि शाळा, सगळ्यांची दोरी शेवटी पक्षाच्या हातात.

सुरुवात मात्र वाईट हेतूने झाली नव्हती, हे मान्य करायला हवं. हिटलरच्या काळातले बहुसंख्य शिक्षक नाझी पक्षाचे सदस्य होते. त्यांना मोठ्या संख्येने काढून त्यांच्या जागी काही महिन्यांचं प्रशिक्षण दिलेले हजारो ‘नवशिक्षक’ नेमले. यात कामगार होते, कारकून होते, युद्धातून परतलेले तरुण होते. मजुरांच्या आणि शेतकऱ्यांच्या मुलांना विद्यापीठापर्यंत नेणारे खास वर्ग निघाले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, अशी मुलं डॉक्टर आणि इंजिनिअर झाली. ती पिढी या राजवटीची अनेक वर्षं मनापासून ऋणी राहिली, आणि त्यात नवल काही नाही.

पुढे रचना पक्की झाली. सगळ्यांसाठी एकच, दहा इयत्तांची शाळा. खासगी शाळा जवळपास नाहीत. इंग्रजी माध्यम, अमुक बोर्ड, तमुक बोर्ड असली भानगड नाही. पाचवीपासून रशियन सक्तीची. गणित-विज्ञानावर भर, आणि कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष काम शिकण्याचा तास. १९६३ ते १९८९ अशी सव्वीस वर्षं शिक्षणमंत्री एकच: मार्गोट होनेकर. राष्ट्रप्रमुख एरिक होनेकर यांची पत्नी.

## मुलाचा दिवस कसा जायचा?

पहिलीत गेलं की मूल ‘पायोनिअर’ व्हायचं, गळ्यात निळा रुमाल. वरच्या इयत्तेत रुमाल लाल. शिक्षक म्हणायचे, ‘शांतता आणि समाजवादासाठी, सज्ज राहा!’ वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा, ‘सदैव सज्ज!’ चौदाव्या वर्षी युवक संघटना, निळा शर्ट. सातवीपासून ‘नागरिकशास्त्र’ नावाचा विषय, ज्यात पक्षाची भूमिका पाठ करून मांडायची आणि त्याचे मार्क मिळवायचे. १ सप्टेंबर १९७८ पासून नववी-दहावीला लष्करी शिक्षणाचा विषयही आला. चर्चने निषेध केला, पालकांनी पत्रं लिहिली, विषय राहिला.

चौदाव्या वर्षी आणखी एक टप्पा असायचा, ‘युगेंडवाइहे’. म्हणजे बालपण संपून तरुणपण सुरू झाल्याचा सरकारी समारंभ: सगळ्यांसमोर राज्याशी निष्ठेची शपथ, भेट म्हणून एक पुस्तक, हातात फुलं, मग घरी पाहुणे आणि जेवणावळ. याच वयात ख्रिस्ती मुलांचा चर्चमधला विधी होत असे. १९५५ मध्ये सरकारने हा समारंभ त्याच्या समोर उभा केला आणि मुलांना दोनातलं एक निवडायची वेळ आणली. शेवटच्या दशकात जवळपास सगळीच मुलं सरकारी समारंभाला जात होती.

यातल्या संघटना आणि समारंभ कायद्याने सक्तीचे नव्हते, ही गोष्ट मुद्दाम अधोरेखित करतो. पायोनिअर होणं ऐच्छिक, युवक संघटना ऐच्छिक, शपथ ऐच्छिक. नागरिकशास्त्राचा आणि लष्करी शिक्षणाचा तास तेवढा सक्तीचा. मग सगळे का जायचे?

## खरी चावी: दहावीनंतरचं दार

विद्यापीठात जायचं तर ‘आबितूर’ लागायचं, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा. ती देण्यासाठी दहा इयत्तांच्या शाळेतून निवड होऊन ‘वरच्या शाळेत’ जावं लागे. साधारण दहातल्या एका मुलाला तिथे जागा मिळायची. बाकीच्यांनी कामधंद्याचं प्रशिक्षण घ्यायचं. काही धंद्यांत प्रशिक्षणासोबत आबितूर करता येई, पण त्याही जागा मोजक्याच.

निवड कशावर? मार्क तर हवेतच. त्याशिवाय वर्गशिक्षकाचा लेखी शेरा. मुलगा किंवा मुलगी ‘सामाजिक कार्यात’ किती सहभागी आहे, राज्याबद्दल दृष्टिकोन कसा आहे, हे त्यात यायचं. वर्गाच्या रजिस्टरमध्ये नावापुढे आईवडिलांचा वर्ग नोंदलेला असायचा: कामगार, शेतकरी, बुद्धिजीवी, स्वतंत्र व्यावसायिक. मुलगा असेल तर तो सैन्यात सक्तीचे दीड वर्षच राहणार की स्वखुशीने तीन वर्षं द्यायला तयार आहे, याचाही विचार व्हायचा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला शाळेत बोलावून हा प्रश्न विचारला जाई. ‘तीन वर्षं’ म्हणणाऱ्याचं पुढचं सोपं जाई, हे सगळ्यांना माहीत.

शहरात सोसायटीत राहणाऱ्यांना हे चटकन कळेल. सेक्रेटरीशी गोड वागा, असा नियम कुठल्याही उपविधीत नसतो. पण फ्लॅट विकताना ना-हरकत पत्रावर सही कुणाची लागते, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यामुळे वार्षिक सभेत गळक्या टाकीचा विषय निघाला की माणसं आधी सेक्रेटरीच्या चेहऱ्याकडे बघतात आणि मग हात वर करायचा की नाही ते ठरवतात.

इथे आणखी एक गोम होती. शिक्षा मुलाला व्हायची, पण धाक बसायचा आईवडिलांना. बाप चर्चमध्ये पाद्री असेल, आईने परदेशात जाण्यासाठी अर्ज केला असेल, तर मुलीचे मार्क कितीही चांगले असोत, दार बंद होऊ शकत होतं. आपल्यामुळे पोरीचं नुकसान नको, म्हणून मोठी माणसं मूग गिळून बसायची. घरोघरी गुप्त पोलिस नेमण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. पूर्व जर्मनीत गुप्त पोलिसही भरपूर होते, तो भाग वेगळा.

मर्केल पाद्र्याच्याच कन्या. त्यांनी सरकारी शपथविधी टाळून चर्चचा विधी केला, पण पायोनिअर आणि युवक संघटनेत त्या होत्या. तरीही बारावीच्या शेवटी त्यांच्या वर्गावर संकट आलंच. शाळेच्या कार्यक्रमात या मुलांनी नेहमीप्रमाणे व्हिएतनामसाठी निधी जमवण्याऐवजी पोर्तुगालशी लढणाऱ्या मोझांबिकच्या स्वातंत्र्यवाद्यांची बाजू घेतली, कम्युनिस्टांचं ‘इंटरनॅशनल’ हे गीत चक्क इंग्रजीत म्हटलं, आणि कुत्र्यांवरची एक गमतीदार कविता म्हटली, जिच्यात भिंतीचा उल्लेख होता; तिथे भिंत म्हटलं की बर्लिनची भिंतच आठवायची. एवढ्यावर चौकशी लागली, विद्यापीठाचा मिळालेला प्रवेश जातो की काय अशी वेळ आली. वडिलांनी चर्चमधल्या वरिष्ठांकरवी शब्द टाकला आणि प्रकरण निभावलं. ज्यांचे वडील असा शब्द टाकू शकत नव्हते, त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करा.

## पाच मिनिटांची शांतता

हे सगळं पहिल्यापासून इतकं सफाईदार नव्हतं. १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. बर्लिनजवळच्या श्टोर्को गावात आबितूरच्या वर्गाने पश्चिम बर्लिनचा रेडिओ ऐकून ठरवलं की वर्गात तास सुरू असताना पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही. शिक्षकाने प्रश्न विचारला, उत्तर नाही. दुसऱ्याला विचारला, उत्तर नाही. घोषणा नाही, पत्रक नाही, नुसती शांतता.

प्रकरण वर गेलं. शिक्षणमंत्री स्वतः गावात आले आणि म्होरक्या कोण ते सांगा, म्हणाले. कुणी नाव घेतलं नाही. सगळ्या वर्गाला काढून टाकलं आणि देशात कुठेही आबितूर देता येणार नाही, असा हुकूम निघाला. बर्लिनची भिंत अजून उभी राहायची होती. बहुतेक मुलं नाताळच्या सुमारास पश्चिम बर्लिनला निसटली आणि पुढे पश्चिम जर्मनीत परीक्षा देऊन पास झाली.

ऑगस्ट १९६१ मध्ये भिंत आली आणि ही पळवाट बुजली. यानंतर वरच्या शाळेचं दार बंद झालेल्याला दुसरं दार शोधायला जागाच उरली नाही. दाराची किंमत वाढली, तशी ते राखणाऱ्याची ताकदही वाढली.

## मग मुलांचा या सगळ्यावर विश्वास होता का?

काहींचा होता. बऱ्याच जणांचा थोडा होता, थोडा नव्हता. पण व्यवस्थेला विश्वासाची फारशी गरज नव्हती, वागणूक हवी होती.

पूर्व जर्मनीच्या बहुतेक भागात पश्चिमेचं टीव्ही दिसायचं. ड्रेस्डेनच्या आसपास सिग्नल पोचत नसे, म्हणून त्या भागाला लोक चेष्टेने ‘अडाण्यांचं खोरं’ म्हणत. बाकी घरांत संध्याकाळी पश्चिमेच्या बातम्या लागत. त्या काळात वाढलेली माणसं एक आठवण हमखास सांगतात. शिक्षिका लहान मुलांना सहज विचारल्यासारखं करायची: टीव्हीवर बातम्यांआधी जे घड्याळ दिसतं, त्यावर ठिपके असतात की रेघा? दोन्हीकडची घड्याळं वेगळी होती. पोरगं खरं बोललं की घरी काय बघतात ते उघड. म्हणून शाळेत जायच्या वयातच आईबाप मुलाला शिकवायचे की घरात ऐकलेलं, पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलाला दोन भाषा शिकवायच्या, एक स्वयंपाकघरातली आणि एक वर्गातली, हा मला या शिक्षणाचा सगळ्यात वाईट धडा वाटतो. तो कुठल्याच पुस्तकात छापलेला नव्हता. नागरिकशास्त्राच्या पेपरात ‘आपला देश शांततेचा रक्षक का आहे’ यावर पैकीच्या पैकी मार्क घेणारा मुलगा घरी येऊन पश्चिमेच्या जाहिराती बघत बसे, आणि त्याला यात काही विसंगत वाटेनासं होई.

## पण शिक्षण तर चांगलं होतं ना?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. पाळणाघरं, शाळेनंतर मुलांना सांभाळण्याची सोय, जेवण, गावातल्या आणि शहरातल्या शाळेत सारखाच अभ्यासक्रम. गणिताचा दर्जा असा की आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड या छोट्या देशाने १९६५ आणि १९७४ असं दोनदा भरवलं. आजही पूर्वेकडच्या राज्यांतली माणसं या सोयींबद्दल हळवी होतात.

पण नीट पाहिलं तर चांगलं शिक्षण आणि घट्ट पकड या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नव्हत्या. उलट शिक्षण चांगलं होतं म्हणूनच दार मौल्यवान होतं. टाकाऊ शाळेतून काढण्याची भीती कुणाला वाटेल? शिवाय हुशार मुलं आपोआप अशा विषयांकडे वळायची जिथे पक्षाला बोलायला कमी वाव होता. दोन अधिक दोन चारच होतात, गुरुत्वाकर्षणाला पक्षाची भूमिका लागत नाही. आपण भौतिकशास्त्र का निवडलं, याचं उत्तर मर्केल यांनी पुढे साधारण असंच दिलं आहे. नुकसान झालं ते इतिहास, कायदा, पत्रकारिता यांचं. तिथे प्रश्न विचारणारी माणसं हवी असतात.

आणि कामगारांच्या मुलांना वर आणण्याचं मूळ वचन? शेवटच्या दोन दशकांत विद्यापीठांत पुन्हा शिकलेल्यांची आणि पक्षातल्या अधिकाऱ्यांची मुलंच जास्त दिसू लागली होती. एकदा वर चढलेल्यांनी शिडी आपल्या पोरांसाठी धरून ठेवली.

## सगळीच सरकारं अभ्यासक्रम ठरवतात, मग फरक काय?

हाही रास्त प्रश्न. लोकशाहीतही मंत्री बदलले की पुस्तकं बदलतात, आणि त्यावर चिडायला हरकत नाही. पण तिथे पालक न्यायालयात जाऊ शकतो, शिक्षकांची संघटना मोर्चा काढू शकते, वर्तमानपत्र दोन पुस्तकं शेजारी ठेवून छापू शकतं, आणि पाच वर्षांनी मंत्री घरी जाऊ शकतो. मुख्य म्हणजे बापाने कुणाला मत दिलं, यावर मुलीचा बारावीचा प्रवेश अडत नाही. ज्या दिवशी तो अडायला लागतो, त्या दिवशी पुस्तकात काय छापलंय हा प्रश्न मागे पडतो.

भिंतीपलीकडे, पश्चिम जर्मनीत शिक्षण केंद्राकडे नव्हतं, राज्यांकडे होतं. नाझींचा अनुभव ताजा होता. तिथेही ‘शाळेत राजकारण शिकवायचं का, आणि कसं’ यावर डावे-उजवे कडाडून भांडत होते. १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख नावाच्या गावात दोन्ही बाजूंचे शिक्षणतज्ज्ञ बसले आणि काही किमान गोष्टींवर एकमत झालं. शिक्षकाने आपलं मत मुलाच्या गळी उतरवायचं नाही. समाजात ज्यावर वाद आहे, ते वर्गातही वादाचा विषय म्हणूनच मांडायचं. आणि मुलाला स्वतःची परिस्थिती, स्वतःचं हित ओळखता आलं पाहिजे. हा कायदा नाही, एक सामंजस्य आहे. तरी जर्मन शिक्षक आजही त्याचा दाखला देतात.

## प्रत्येक हुकूमशाही असंच करते का?

नाही. काही जणांना मुळात जास्त शिकलेली जनताच नको असते. पोर्तुगालमध्ये सालाझारच्या राजवटीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण वाढवण्याऐवजी तीन वर्षांवर आणलं गेलं. देव, देश, कुटुंब. अक्षरओळख आणि हिशेब. आहे त्यात समाधान. याच राजवटीखाली गोवा १९६१ पर्यंत होता. मोहन रानडे १९५० च्या सुमारास गोव्यात शिरले ते मराठीचे शिक्षक म्हणून. पुढे सशस्त्र लढ्यात पडले, १९५५ मध्ये पकडले गेले आणि गोवा स्वतंत्र होऊनही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. अफगाणिस्तानात तालिबानने तर अर्ध्या लोकसंख्येसाठी दारच चिणून टाकलं: २०२१ पासून सहावीनंतर मुलींना शाळा नाही, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही नाही.

पूर्व जर्मनीची तऱ्हा यांच्याहून वेगळी आणि आधुनिक. दार दिसतं, उघडं असतं, आतून उजेड येत असतो. फक्त आत कुणाला घ्यायचं ते कुणीतरी ठरवत असतं.

## शेवटी ही मुलं गप्प का राहिली नाहीत?

सप्टेंबर १९८८ मध्ये पूर्व बर्लिनच्या पांको भागातल्या एका वरच्या शाळेत मुलांनी भिंतीवरच्या फलकावर लेख लावले. शाळेला नाव कार्ल फॉन ओसिएट्स्की यांचं, म्हणजे नाझींच्या छळछावणीत डांबलेल्या, शांततेचं नोबेल मिळालेल्या पत्रकाराचं. लेखांत पोलंडमधल्या संपांबद्दल लिहिलं होतं, आणि देशाच्या वर्धापनदिनी रणगाड्यांचं संचलन कशाला हवं, असा प्रश्न होता. त्यावर तीसेक मुलांनी सह्या केल्या. मग एकेकाला बोलावून समज देण्यात आली. बहुतेकांनी सह्या मागे घेतल्या. चार जणांना शाळेतून काढलं, आणखी काहींना दुसऱ्या शाळेत धाडलं किंवा ताकीद दिली.

म्हणजे यंत्र शेवटच्या वर्षापर्यंत बरोबर चाललं होतं. फक्त दाराची किंमत उतरली होती. आत जाऊन मिळणार काय, हा प्रश्न तरुणांना पडायला लागला होता. १९८९ च्या उन्हाळ्यात हंगेरीची पश्चिमेकडे जाणारी सीमा किलकिली झाली आणि मोठ्या संख्येने निघाले ते वीस-पंचविशीतले, म्हणजे पहिलीपासून याच शाळांत ‘सदैव सज्ज’ म्हणत आलेले. त्या शरद ऋतूत शिक्षणमंत्री पायउतार झाल्या, लष्करी शिक्षणाचा विषय बंद झाला, पांकोच्या मुलांना परत शाळेत घेतलं गेलं.

## ज्यांचं शिक्षण हुकलं, त्यांचं काय?

एकत्र झालेल्या जर्मनीने १९९४ मध्ये राजकीय कारणाने ज्यांचं करिअर मोडलं त्यांच्यासाठी कायदा केला. त्यात ‘छळ झालेले विद्यार्थी’ असा वेगळा गट आहे. मान्यता मिळाली तर पुढच्या शिक्षणासाठी आर्थिक मदतीत सवलत मिळते. अर्जाची मुदत अनेकदा वाढवली गेली आणि २०१९ मध्ये मुदतीची अटच काढून टाकली.

अडचण पुराव्याची येते. अर्जदाराला दाखवावं लागतं की आपल्याला राजकीय कारणाने नाकारलं गेलं. पण नकाराच्या पत्रात तसं क्वचितच लिहिलेलं असायचं. ‘जागा मर्यादित असल्यामुळे’ असंच बहुधा असायचं. दहातला एकच घ्यायचा असल्यावर ते खोटंही ठरत नाही.